गुलाबी, निळा, पुन्हा गुलाबी: कोबाल्ट क्लोराइड

कोबाल्ट कार्बोनेटची पूड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गुलाबी द्रावण उरतं. ते आटवून थंड केलं की गडद गुलाबी स्फटिक धरतात. दर कोबाल्टमागे पाण्याचे 6 रेणू. स्फटिक तापवले की पाणी उडून निळी पूड होते, दमट हवेत ती पुन्हा गुलाबी.

खरी बहार द्रावणात! जांभळट छटा येईपर्यंत तीव्र आम्ल घाला. परीक्षानळी गरम पाण्यात धरली की कोबाल्टभोवतीच्या 6 पाण्याच्या रेणूंची जागा 4 क्लोराइड घेतात, रंग गर्द निळा. बर्फात धरली की गुलाबी.

सिलिका जेलचे निळे दाणे दमट हवेत गुलाबी होण्याच्या गुणावरच ओलावा दाखवतात. पण कोबाल्ट क्लोराइडची पूड श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून कोबाल्ट नसलेले नारिंगी दाणेही आले. प्रयोग करताना हातमोजे हवेतच.