एकाचे औषध दुसऱ्याला का चालत नाही?

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. घसा इतका लाल की घास गिळवेना. त्याच आठवड्यात काकूंच्या छोटीलाही ताप आला. तिला लघवीला जळजळ होई. डॉक्टरांनी दोघांना निरनिराळी औषधे लिहून दिली. "ताप तर दोघांनाही, मग दोन बाटल्यांचा खर्च कशाला?" असे म्हणून आईने भावाच्या बाटलीतले औषध छोटीला पाजले. ताप हटला नाही. चौथ्या दिवशी तिला तालुक्याला न्यावे लागले. घरात डॉक्टरांची चिठ्ठी वाचू शकणारी मी पहिलीच; तेव्हा कारण विचारण्याचे कामही माझ्याकडेच आले.

ताप हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. रोग करणारे जंतू वेगवेगळे असतात. घसा सुजविणारा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलीनला आजही दाद देतो. लघवीच्या विकारात बहुधा ई. कोलाय हा जंतू सापडतो आणि त्याच्या अनेक जाती साध्या अमॉक्सिसिलीनला जुमानत नाहीत. म्हणून लघवी तपासून औषध ठरवितात. साधी सर्दी तर विषाणूंमुळे होते. तिथे कोणतेच प्रतिजैविक उपयोगी नाही.

जंतूइतकाच रोगीही पाहावा लागतो. मुलांचा डोस वजनावर ठरतो. टेट्रासायक्लीनने वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात, म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. कुणाला पेनिसिलीनचे वावडे असते. त्याला दुसरे औषध शोधावे लागते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. भावाचे औषध वाटले गेल्याने त्याचाही क्रम अपुराच राहिला होता. घशाचा हा विकार अर्धवट बरा झाला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, हे ऐकून आईचा चेहरा उतरला.

आईची चूक अज्ञानाची होती आणि काटकसरीचीही. दोन्ही मुले आता बरी आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिकलेले आपणच पहिले. तेव्हा शेजारच्या मावशी चिठ्ठी घेऊन आल्या, तर औषधाचे नाव वाचून थांबू नये; ते कुणासाठी, किती आणि किती दिवस, हेही समजावून सांगावे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला