शंका आली म्हणजे श्रद्धा गेली का?

तामलवाडीहून सोलापूर गाठून पुण्याची रेल्वे धरली, की दौंडनंतर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न थांबले नाहीत. देव एकच, मग त्रैक्य कसं? पटत नसताना ‘पटलं’ म्हणायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिनना त्यांनी पत्रांतून हे सरळ कळवलं. सिस्टरना तो गर्व वाटला.

पुढे काय झालं? श्रद्धा तुटली नाही, उलट पक्की झाली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्या 1922 मध्ये जाईपर्यंत करत होत्या.

म्हणून शंका आली तर ‘प्रार्थना कमी पडते’ म्हणून स्वतःला कोसू नका. विश्वासातल्या माणसाशी बोला. मनात ‘नाही’ ठेवून तोंडाने ‘आमेन’ म्हणण्यापेक्षा ते बरं.