शिंप्यांची दोन घरं
(लेखमाला : गोष्ट कोण सांगतंय? लेखांक ५)

समजा, तेरखेड्यात फटाक्याचं एक शेड उडालं. वाशी तालुक्यातलं हे गाव शोभेच्या दारूसाठी प्रसिद्ध, त्यामुळं बातमीचा साचा ठरलेला: ‘कारखान्यात स्फोट, दोन कामगार जखमी.’ आता तेच घरातून ऐका. ‘चुलीपुढं बसले व्हते, तर भांडी हादरली. कुणाचं शेड उडालं ते कळंना. पोराचा बाप सकाळीच डबा घिऊन गेलता.’

बातमीदाराला आकडा ठाऊक आहे. बाईला काहीच ठाऊक नाही, आणि तिचं बोलणं काळजात घुसतं ते म्हणूनच. ‘बोलीचा गोडवा’ म्हणून आपण त्याचं कौतुक करून मोकळे होतो; इथं गोडवा कुठंय?

मागच्या लेखांकात ‘बनगरवाडी’चा मास्तर पाहिला, बाहेरून येऊन गाव समजून घेणारा. आज उलट बाजू: उंबऱ्याच्या आतली निवेदक. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ची. बोराडे १९४० साली लातूरकडच्या काटगावात जन्मले, आणि ‘पाचोळा’ची भाषा याच धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद)-लातूर पट्ट्यातली. गंगाराम शिंपी हट्टी माणूस. गावातल्या वजनदारांशी त्याचं वाकडं येतं आणि संसार उधळत जातो. पण हे सांगतं कोण? त्याची बायको पारबती.

एवढ्या एका निवडीनं कादंबरीचा सगळा ताण ठरतो. भांडण पेटतं चारचौघांत. तिच्यापर्यंत येतो तो नवऱ्याचा उतरलेला चेहरा, कुणीतरी आणून टाकलेली बातमी, पोराचं अर्धवट बोलणं. गंगाराम चुकतोय हे तिला दिसतं, पण त्याला अडवायची सत्ता तिच्याकडं नाही. वाचकाचीही तीच गत. तिच्याआधी आपल्याला काहीच कळत नाही. हीच गोष्ट गंगारामनं सांगितली असती तर ती कैफियत झाली असती.

शेजारी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ठेवा. विदर्भातली, आणि योगायोगानं तिथंही शिंप्याचंच घर: महादेव आणि कौतिक. पण कौतिकची गोष्ट कौतिक सांगत नाही. पात्रं वऱ्हाडी बोलतात, सांगणारा मात्र तिऱ्हाईत. तो तिचे कष्ट जवळून पाहतो, आणि तिला न कळलेलंही सांगायची मुभा त्याला असते. ‘धग’ मला अधिक विस्तीर्ण वाटते, ‘पाचोळा’ अधिक कोंदट. कोंदट हे मी दूषण म्हणून म्हणत नाही.

आता बोली. ग्रामीण कथेत पुष्कळदा बोली अवतरणचिन्हांत राहते. ‘व्हय जी’ म्हणायचं पात्रानं. सूर्यास्ताचं वर्णन, माणसाबद्दलचा निवाडा हे सगळं लेखकाच्या प्रमाण मराठीत. भाषेनंच तिथं वरची आणि खालची ओळ आखलेली असते. ‘पाचोळा’त ती ओळ नाही. संवाद पारबतीच्या भाषेत, वर्णन तिच्या भाषेत, विचारही तिच्याच भाषेत. तिच्याबद्दल तिच्या डोक्यावरून वाचकाशी बोलणारा कुणी उरत नाही. याची किंमत आहेच. सावकारी, जात, गावातलं राजकारण यांवर दोन शहाणी वाक्यं टाकायची सोय लेखकानं गमावली. जे पारबतीला बोलता येणार नाही, ते कादंबरीलाही बोलता येत नाही.

पुढच्या आठवड्यात वाशीशेजारच्या कळंब तालुक्यात जाऊ, हासेगावच्या भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’कडं. भाव पडल्यावर बापानं बाजारात टमाटे तुडवले, ती कथा. जमल्यास तोवर ती एकदा मोठ्यानं वाचून ठेवा.