खाट हक्काची

आरोग्य, निवारा, निराधारांची देखभाल ही कामं सरकारने सोडावीत; दानशूर माणसं ती अधिक मायेने आणि कमी पैशांत करतील, असं मत वरचेवर ऐकू येतं. मायेपुरतं ते खरं आहे. नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ उभा केला. कमलाताई बालविधवा, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत उरकलं जाई, त्या काळात कुणाच्या हुकमाची वाट न पाहता त्यांनी सूतिकागृह चालवून दाखवलं. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली. घरच्यांनीच बाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णाला समितीच्या आनंदवनाने काम दिलं, मान दिला. कोणत्याही खात्याला हे जमलं नसतं.

पण कुष्ठरोग ओसरला तो कशामुळे? १९८३ नंतर राष्ट्रीय कार्यक्रमातून बहुविध औषधोपचार जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आणि २००५ अखेर देशातलं प्रमाण दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आलं. त्या गोळ्यांमागे पुढे देणगीही होती, आधी जपानच्या निप्पॉन फाउंडेशनची, मग नोव्हार्टिस कंपनीची. तरी गावोगाव फिरून अंगावरचे चट्टे तपासले ते मुख्यतः सरकारी कर्मचाऱ्यांनी. आनंदवन आपल्या दारी आलेल्याला जवळ करू शकत होतं. जो आलाच नाही त्याला शोधण्याची जबाबदारी आनंदवनावर नव्हती.

धर्मादाय रुग्णालयांचा अनुभव तर आणखी बोलका आहे. त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी, ही योजना २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाला घालून द्यावी लागली. धर्मादाय म्हणवणाऱ्यांनाही गरिबाची खाट कायद्याने ठरवून द्यावी लागते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गडचिरोलीपासून छत्तीसगडपर्यंतचे रुग्ण आजही नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठतात. तिथली गर्दी, बाहेरून आणायला लावलेली औषधं यांचा संताप यायलाच हवा. त्या संतापाला जायला जागा मात्र आहे: या रुग्णालयांतल्या सोयींवरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालल्या आहेत. उद्या एखाद्या दात्याने हात आखडता घेतला, तर त्याच्याविरुद्ध अशी याचिका कुणालाच करता येणार नाही.