मध्ययुगाचें ताट आणि आजचा पाहुणा

प्रवासास निघालेला मनुष्य तीन गोष्टींची चौकशी प्रथम करतो: निजावयास जागा, जेवावयास अन्न आणि पाहावयास कांहीं तरी नवें. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी एकाच तिकिटावर देणारा एक व्यवसाय गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत भरभराटीस आला आहे. पाहुण्यास किल्ल्यासारख्या इमारतींत बसवावयाचें, त्याच्यापुढें जुन्या काळचें म्हणून जेवण मांडावयाचें, आणि तो जेवीत असतां समोरच्या रिंगणांत घोडेस्वारांच्या लढाया लावावयाच्या, असा हा प्रकार आहे. हल्लीं मुरबाड-शहापूरकडील मुलेंहि शिकून परदेशीं जातात आणि त्यांचे आईबाप त्यांस भेटावयास जातात. तेव्हां धसईच्या एखाद्या कुटुंबाच्या हातीं असें तिकीट येणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. त्या तिकिटावर जें दाखविलें जातें त्यांत खरें किती आणि नाटक किती, हें आधीं समजून घेतलें तर पाहण्याची गोडी कमी न होतां वाढेल.

या व्यवसायांतील सर्वांत गाजलेलें नांव ‘मेडिव्हल टाइम्स’ हें होय. त्याचा आरंभ १९७३ सालीं स्पेनमध्यें झाला. अमेरिकेंतील त्याचा पहिला किल्ला फ्लोरिडा राज्यांत किसिमी येथें १९८३ च्या डिसेंबर महिन्यांत उघडला, आणि पुढें कॅलिफोर्निया, न्यू जर्सी इत्यादि ठिकाणीं तसेच आणखी किल्ले उभे राहिले. दारांतच पाहुण्याच्या मस्तकीं कागदी मुकुट चढवितात. मुकुटाचा जो रंग, त्या रंगाच्या भागांत त्यानें बसावयाचें. असे सहा रंग आणि सहा सरदार असतात. आपल्या रंगाच्या सरदारास ओरडून उत्तेजन देणें हें पाहुण्याचें काम. प्रथम घोडे तालावर पावलें टाकतात, बहिरी ससाणा प्रेक्षकांच्या डोक्यांवरून झेप घेतो, स्वार भरधांव जातां जातां लोंबती कडी भाल्यानें टिपतात, आणि शेवटीं भाल्यांची व तरवारींची झुंज होते. पूर्वीं हा समारंभ राजाच्या अध्यक्षतेखालीं होत असे. २०१७ पासून सिंहासनावर राणी बसते. कथा मात्र अकराव्या शतकांतील स्पेनची आहे असें सांगण्यांत येतें.

भोजन आणि देखावा यांची ही सांगड आजच्या व्यापाऱ्यांनीं नव्यानें बसविली असें पुष्कळांस वाटतें. पण वस्तुतः हीच या कार्यक्रमांतील सर्वांत अस्सल गोष्ट आहे. मध्ययुगीन युरोपांत मोठ्या मेजवानीच्या दोन वाढपांच्या मध्यें कांहीं तरी सोंग किंवा प्रवेश दाखविण्याची चाल होती. १३७८ सालीं फ्रान्सचा राजा पांचवा चार्ल्स यानें सम्राट चौथा चार्ल्स यास पॅरिस येथें मेजवानी दिली. त्या प्रसंगीं १०९९ सालची जेरुसलेमची लढाई, गलबत दालनांत आणून, पाहुण्यांपुढें करून दाखविण्यांत आली. म्हणजे मध्ययुगांतील लोकहि जेवतां जेवतां आपल्याहून पावणेतीनशें वर्षें जुना काळ पाहत होते! १४५४ च्या फेब्रुवारींत बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें लील शहरीं याहून मोठा थाट केला. कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनीं घेतल्यास तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. त्या मेजवानींत हत्तीचें सोंग आणून त्यावर शोकाकुल धर्ममाता बसविली होती, आणि तिचा आक्रोश ऐकून सरदारांनीं युद्धास जाण्याच्या शपथा घेतल्या. जेवण झालें, शपथा झाल्या. युद्धास मात्र ते गेले नाहींत.

आपल्याकडेहि या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूर नव्हत्या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील संस्कृत ग्रंथ पाहावा. त्यांत राजाच्या अन्नभोगाचें सविस्तर वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथांत मल्लांच्या कुस्त्या, हत्तींच्या झुंजी व घोड्यांचे खेळ यांचेंहि आहे. राजानें पुत्र, आप्त व मांडलिक यांसह जेवावें असें तो सांगतो. त्यांतील ‘मंडक’ म्हणजे आपले मांडे; इडली-डोशांचे पूर्वजहि त्यांत भेटतात.

आतां जें खरें नाहीं त्याकडे वळूं. अकराव्या शतकांतील स्वार लोखंडी कड्यांचें विणलेलें चिलखत घालीत. सर्वांग पत्र्यानें मढविणारीं चकचकीत चिलखतें पुढें चौदाव्या-पंधराव्या शतकांत आलीं. मध्यें आडवा कठडा घालून दोन स्वारांनीं एकमेकांवर भाला रोखून धांवावयाचें, ही रीतहि पंधराव्या शतकांतली. शिवाय हा खेळ मुळीं निरुपद्रवी नव्हता. त्यांत माणसें मरत म्हणून ११३० सालीं क्लेरमाँच्या धर्मपरिषदेनें अशा झुंजींस मनाई केली होती. १५५९ सालीं तर खुद्द फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या डोळ्यांत मोडलेल्या भाल्याची कपच शिरली, आणि दहा दिवसांनीं तो मृत्यु पावला. आजच्या रिंगणांत मेलेला सरदार खेळ संपतांच उठून मुलांबरोबर छायाचित्र काढवितो. हें योग्यच आहे. परंतु तें नाटक आहे.

तरवार-चिलखताची परीक्षा करण्यास विद्वान लागतो. ताटाची परीक्षा मात्र शाळेंतील मुलालाहि करतां येते. या मेजवानींत टोमॅटोचें सार, लसूण लावलेला पाव, भाजलेली कोंबडी, मक्याचें कणीस आणि बटाटा असे पदार्थ वाढले जातात. टोमॅटो, मका आणि बटाटा या तिन्ही वस्तु मूळच्या अमेरिका खंडांतल्या. कोलंबस तेथें पोंचला तो १४९२ सालीं. तेव्हां अकराव्या शतकांतील स्पेनच्या राजानें बटाटा खाल्ला हें म्हणणें, श्रीरामचंद्रांनीं वनवासांत चहा घेतला असें म्हणण्यासारखेंच आहे. मांसाहार न करणाऱ्यांसाठीं निराळें ताट मागतां येतें, ही गोष्ट आपल्याकडील प्रवाशानें ध्यानांत ठेवावी. जेवावयास सुरी, चमचा, कांटा यांपैकीं कांहींच देत नाहींत आणि जुन्या काळीं असेंच होतें असा सर्वांचा समज होतो. कांटा त्या काळीं युरोपांत दुर्मिळ होता हें खरें; परंतु चमचा होता, आणि सुरी तर जो तो आपली कमरेस बाळगी. हातानें जेवणाऱ्या आपल्या माणसास यांत गंमत वाटण्याचेंहि कारण नाहीं. साहेबाला मात्र तेवढ्यासाठीं पैसे मोजावे लागतात!

परक्यांच्या ताटास हंसून आपली सुटका होत नाहीं. आपल्याकडेहि रस्त्यांवरील उपाहारगृहांतून ‘मावळी’, ‘पेशवाई’ अशा नांवांनीं थाळ्या मिळतात. त्यांतील लाल मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची भाजी यांचीं मुळेंहि त्याच अमेरिका खंडांत आहेत. मिरची येथें पोर्तुगीजांच्या व्यापारामागून आली. तत्पूर्वीं आपल्या अन्नास तिखटपणा येई तो मिरीं, आलें आणि पिंपळी यांपासून; मिरचीनें आपलें नांवहि मिऱ्यांपासूनच उसनें घेतलें आहे.

मग शिवकालांतील खरें ताट कसें होतें? सुदैवानें एका प्रवाशाची साक्ष उपलब्ध आहे. ६ जून १६७४ रोजीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. त्या वेळीं इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा गडावर हजर होता. सिंहासनाच्या एका बाजूस भाल्याच्या टोंकांवर मोठ्या दांतांचीं सोन्याचीं मत्स्यमुखें आणि दुसऱ्या बाजूस घोड्यांचीं शेपटें व न्यायाचें चिन्ह म्हणून सोन्याचा समतोल तराजू त्यानें पाहिला. राजवाड्याच्या दाराशीं दोन हत्ती होते. एवढ्या अवघड वाटेनें ते वर आणले कसे, याचें त्यास मोठें नवल वाटलें. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर यानें या वकिलातीच्या भोजनाचीहि हकीकत दिली आहे. गडावरचें रोजचें अन्न म्हणजे डाळ-तांदळाची, तूप घातलेली खिचडी. इंग्रज पाहुण्यांचें तेवढ्यानें भागेना. म्हणून त्यांच्यासाठीं बोकडाच्या मांसाची सोय करण्यांत आली. मांस पुरविणारा म्हातारा खाटीक कौतुकानें गड चढून आपलीं गिऱ्हाइकें पाहावयास आला, कारण त्यानें अनेक वर्षांत जेवढें मांस विकलें नव्हतें तेवढें या मंडळींनीं थोड्या दिवसांत संपविलें होतें. सोन्याच्या तराजूच्या राजधानींत पाहुण्यापुढें आली ती खिचडी. आणि तीच खिचडी आज धसईच्या कोणत्याहि चुलीवर शिजते. अस्सल जुनें ताट हवें असेल तर तें हें आहे, आणि त्यास तिकीट लागत नाहीं.

या फ्रायरचें नांव आणखी एका कारणासाठीं आठवावयास हवें. पुढच्याच वर्षीं, १६७५ सालीं, तो कल्याणहून जुन्नरास निघाला तो मुरबाडच्या मुलखांतूनच घाट चढून गेला. तो काळ लढायांचा होता. वाटेवरील खेड्यांचें आणि कुळंब्यांचें दैन्य त्यानें लिहून ठेविलें आहे. रायगडची मेजवानी आणि मुरबाडकडील रिकामी कणगी, या दोन्हींची हकीकत एकाच ग्रंथांत सांपडते. इतिहास असा दोन्ही बाजूंनीं लिहिलेला असतो.

भोजन-देखाव्याची खरी उणीव येथें दिसते. बटाट्याची चूक लहान आहे. तिच्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मोठी चूक ही कीं, त्या किल्ल्यांत तिकीट काढणारा प्रत्येक जण सरदारांच्या पंक्तीस बसतो. सर्वांच्या डोक्यावर मुकुट. नांगर मात्र कोणाच्याच खांद्यावर नाहीं. युरोपांत असो वा महाराष्ट्रांत असो, त्या काळच्या शंभरांतील बहुतेक माणसें मेजवानीच्या दालनांत कधीं शिरलींच नाहींत. त्यांनीं धान्य पिकविलें, लांकडें फोडलीं, पाणी वाहिलें, ओझीं घाटावर चढविलीं. युरोपांतील श्रीमंतांच्या मेजावर ताटाऐवजीं शिळ्या पावाची जाड चकती ठेवीत, आणि रस्सा मुरलेली ती चकती जेवणानंतर दाराबाहेरच्या गरिबांस मिळे. आपल्याकडे पंक्तीचा भेद त्याहून कठोर होता; कोणी कोठें बसावें आणि कोणी बाहेर थांबावें हें जन्मावरून ठरे. आज ज्यांच्या मस्तकीं कागदी मुकुट चढतो, त्यांतील बहुतेकांचे पूर्वज मुकुट घालणारे नव्हते. ते दाराबाहेरचे होते. हें मुलांस सांगितलें नाहीं तर आपण सारेच पूर्वीं राजे होतों असें त्यांस वाटूं लागेल, आणि श्रम करणाऱ्या पूर्वजाची त्यांस उगाच लाज वाटेल.

हा विचार धसईस परका नाहीं. रोकडीवांचून व्यवहार करणारें गांव म्हणून २०१६ सालीं या बाजारपेठेचें नांव देशभर झालें. माळशेजच्या पावसाळी वाटेवर दरवर्षीं हजारों प्रवासी येतात. त्यांतून उद्यां या भागांत कोणी जुन्या काळाचें भोजनगृह काढलें तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. तरुणांस काम मिळेल. मात्र तेथें उसनीं चिलखतें आणण्याची गरज नाहीं. डोंगरउतारावरची नागली आणि वरई, पावसाळ्यांतील रानभाज्या, खाचरांतला भात यांचें ताट मिरचीवांचून एकदां वाढून पाहावें. लढाईऐवजीं लाकडी नांगर, जातें आणि उखळ दाखवावें. ठाणें जिल्ह्यांत अंबरनाथचें शिवालय १०६० सालच्या सुमारास उभें राहिलें. अमेरिकेंतील सरदार ज्या अकराव्या शतकाचें सोंग घेतात तेंच हें शतक. तें देऊळ बांधणाऱ्या पाथरवटांच्या शिदोरींत काय असेल, हा प्रश्न कोणत्याहि भालाफेकीहून रंजक आहे. नागलीची भाकरी करणाऱ्या म्हाताऱ्या बायका गांवोगांवीं अजून आहेत. त्यांचे हात थांबले म्हणजे ही विद्या पुस्तकांतून परत मिळणार नाहीं.

तेव्हां परदेशीं असा देखावा पाहण्याचा योग आला तर अवश्य पाहावा. आपल्या रंगाच्या सरदारासाठीं ओरडावें, घोड्यांचें कौतुक करावें. फक्त घरीं परततांना मुलांस तीन प्रश्न विचारावे. ताटांतील कोणता पदार्थ त्या काळीं नव्हता? झुंजींतील कोणती गोष्ट आपल्याला दाखविली नाहीं? आणि तें जेवण शिजविणारीं माणसें कोठें जेवलीं असतील? ज्या मुलास तिसरा प्रश्न आपण होऊन सुचेल, त्याच्या तिकिटाचे पैसे फिटले असें खुशाल समजावें.