विमान देखभाल अभियंत्याचा परवाना : स्वरूप व पात्रता

प्रस्तावना : बारावी विज्ञान शाखेनंतरच्या वाटांविषयी मार्गदर्शन करताना 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग' या अभ्यासक्रमाची विचारणा प्राध्यापकांकडे होत असते. अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणजे परवाना मिळाला, असा समज विद्यार्थी व पालक या दोहोंमध्ये आढळतो. हा समज चुकीचा असून त्यापायी विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे व कुटुंबाची पुंजी खर्ची पडू शकते.

परवान्याचे स्वरूप : भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, देते. परवान्याची नियमावली सीएआर-६६ या नावाने, तर प्रशिक्षण संस्थांच्या मान्यतेची नियमावली सीएआर-१४७ या नावाने ओळखली जाते. विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक व विद्युत प्रणाली यांचा समावेश 'बी १' गटात होतो. 'बी २' हा गट एव्हिऑनिक्सचा. परवान्यासाठी घटकनिहाय परीक्षांबरोबरच उड्डाणसेवेतील विमानांवर केलेल्या कामाचा नोंदवहीबद्ध अनुभव लागतो. खरी अडचण येते ती येथेच, कारण वर्गातील जुने इंजिन हा अनुभव देऊ शकत नाही. परवाना हाती आल्यावरही एअरबस ए-३२० सारख्या मोठ्या विमानासाठी त्या प्रकाराची स्वतंत्र नोंद परवान्यावर व्हावी लागते.

एवढी कठोरता कशासाठी? देखभालीनंतर विमान उड्डाणयोग्य असल्याचे प्रमाणित करणारी स्वाक्षरी या अभियंत्याची असते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरील काच आकाशात निखळली व कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सुदैवाने तो वाचला. उड्डाणापूर्वी काच बदलताना बसविलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास किंचित कमी होता. नवे बोल्ट जुन्याशी केवळ नजरेने जुळवून निवडले होते. ते काम करणारा व प्रमाणित करणारा एकच अनुभवी पाळीप्रमुख होता. ज्ञानाचा अभाव हे त्याचे कारण नव्हते, हे विशेष. परवान्याच्या अभ्यासक्रमात 'मानवी घटक' हा नववा घटक याच प्रकारच्या चुकांचा विचार करतो. विद्यार्थी मात्र तो पाठांतराचा विषय मानतात.

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने संस्थेला दोन प्रश्न लेखी विचारावेत : मान्यता नेमकी कोणत्या गटासाठी व कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि प्रत्यक्ष विमानांवरील काम कोठे व किती महिने मिळेल. मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येते.