ओहोटी लागते, भरती येते

समुद्राचे पाणी किनाऱ्यापासून मागे हटू लागले की ‘ओहोटी लागली’ म्हणतात. क्रियापद ‘ओहटणे’. कोकणात याच उतरत्या पाण्याला ‘सुकती’ असेही नाव आहे, आणि ते फार नेमके आहे. पाणी जाते तसे खडक, चिखल, वाळू उघडी पडत जाते.

भरतीच्या शिखरापासून ओहोटीच्या तळापर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. रोजची वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. अष्टमीच्या सुमारास ‘भांग’, म्हणजे चढउतार कमी.

सत्तेला, धंद्याला, लोकप्रियतेला ‘ओहोटी लागली’ म्हणताना आपण हा शब्द केवळ घसरणीसाठी राबवतो. किनाऱ्यावरच्या माणसासाठी मात्र ती कमाईची वेळ. उघड्या खडकांवर उकिडव्या बसून बायका लोखंडी टोच्याने कालवे फोडतात, वाळू उकरून तिसऱ्या वेचतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही पुरत्या ओहोटीला चालत जाता येते. जाण्यापूर्वी पाणी परतण्याची वेळ स्थानिकांना जरूर विचारा.